आत्ती-सुनेचा अबोला आणि साडेचार वर्षांचं पोरगं: एका घराचं प्रकरण

चावतो, थुंकतो, हाताला लागेल ते फेकतो आणि एकदा किंचाळायला लागला की गल्लीतली माणसं दारात येतात, अशी तक्रार घेऊन बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातनं आई आणि काका साडेचार वर्षांच्या पोराला माझ्याकडं घेऊन आले, मी लहान मुलांच्या वागण्याच्या अशा तक्रारी बघते. मुलगा एलकेजीत. वर्गातल्या दोन मुलांना चावला होता, त्यांच्या घरच्यांनी शाळेत जाऊन आवाज केला, मग शाळेनं सांगितलं की कुणाला तरी दाखवून या. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे बारकावे बदललेत आणि नाव कुणाचंच देत नाही. मुलाला नुसतं पोरगं म्हणूया, आमच्याकडं घराघरात तसंच म्हणतात.

एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की लहान मुलाच्या वागण्याची तक्रार आली की सगळे मुलाकडं बघतात, हट्टी आहे, लाडावलाय, मोबाईलमुळं बिघडलाय, आणि फार झालं तर आईला धरतात, तुलाच सांभाळता येत नाही म्हणून. घरात कोण कुणाशी बोलतंय आणि कोण कुणाशी बोलत नाही हे कुणी विचारत नाही. मी आता तो प्रश्न पहिल्या भेटीतच विचारते, आणि ह्या घरात तर सगळं तिथंच होतं.

आधी घर सांगते. आज्जा, आज्जी, त्यांचे दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि हे पोरगं. शेती थोडी, पावसाळ्यात भात, नंतर रताळी, बटाटा, कोबी. थोरला म्हणजे पोराचा बाप भाजीचा टेंपो चालवतो. संध्याकाळी माल भरायचा, रात्री निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात पहाटे माल टाकायचा आणि दुपारी बाराच्या सुमारास घरी. जेवून झोपला की चार-पाचपर्यंत उठत नाही. रात्रभर घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाची झोप मोडली तर काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं त्या वेळेत घरात चमचा पडला तरी आज्जी दात-ओठ खाते. घर जुनं, मधे एक सोपा, मागं स्वयंपाकघर, बाप झोपतो तो सोप्याला लागूनच. धाकटा काका बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. पोराचा त्याच्यावर जीव, पण तो फर्स्ट शिफ्टला असला की दुपारनंतरच घरात दिसणार.

आता नात्यातली गाठ. पोराची आई ही आज्जीच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे आत्याच्याच घरात सून म्हणून आली, आमच्या भागात हे अजूनही बऱ्याच ठिकाणी होतं, ओळखीचं घर, मुलीला त्रास होणार नाही असा विचार असतो आणि पहिली काही वर्षं इथंही तसंच छान चाललं होतं. ती सासूला आत्तीच म्हणते. मग तिच्या माहेरची, म्हणजे आज्जीच्याही माहेरची, जमीन विकायला निघाली. २००५ च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलासारखाच झाला, त्यामुळं भावाला विकायचं झालं तर बहिणींच्या सह्या लागतात. भावानं बहिणीकडनं हक्कसोड करून घेतली, तोंडी काहीतरी कबूल केलं होतं म्हणे, आणि व्यवहार झाल्यावर तो शब्द पाळला नाही असं आज्जीचं म्हणणं. भावाचं म्हणणं वेगळं. खरं काय ते ठरवणं माझं काम नव्हतं. पण झालं असं की भाऊ राहतो दुसऱ्या गावात, त्याची मुलगी राहते रोज डोळ्यासमोर, मग सगळा राग तिच्यावर. आणि त्या मुलीला जायला माहेर तरी कुठलं, ज्या घरी रडायला जायचं त्याच घरावरनं भांडण. इतर ठिकाणी सून चार दिवस माहेरी जाऊन येते आणि गोष्टी निवतात, इथं ती वाटच बंद होती, गेली तर "बापाकडं चुगल्या सांगायला गेली" आणि नाही गेली तर तिकडनं आई विचारणार, आम्हाला विसरलीस काय.

दोघींचं बोलणं बंद झालं तेव्हा पोरगं अडीच-पावणेतीन वर्षांचं होतं. वागणं बिघडलं कधीपासून असं विचारल्यावर आई म्हणाली "तीनचा झाल्यापासून." दोन गोष्टी तिनं एकाच दमात सांगितल्या, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तिला तोवर वाटलेलं नव्हतं.

बोलणं बंद म्हणजे काय तर घर एकच, चूल एकच, मग निरोप कोण देणार? पोरगं. "आईला सांग, दूध उतू जायलंय." "आज्जीला सांग, मी शेताकडं चाललो." "आईला विचार, भाकऱ्या किती टाकायच्या." दोघी दोन हातांच्या अंतरावर उभ्या आणि मधे हे साडेचार वर्षांचं. कधी कधी निरोपात काटा पण असायचा, "आईला सांग, तुझ्या बापानं पाठवलेलं नाही हे तेल, जपून घाल म्हणावं." पोराला शब्दांचा अर्थ कळत नसेल, पण ते वाक्य ऐकून आईचा चेहरा कसा होतो ते त्याला दिसत होतं. आणि ते वाक्य त्यानंच तिच्यापर्यंत नेलेलं असायचं.

पण घरच्या गोष्टींवर लगेच उडी मारायची नसते, आधी शरीर तपासायचं. कानाचा प्रॉब्लेम असलेलं मूल "ऐकत नाही" म्हणून मार खातं, बोलायला उशीर झालेलं मूल शब्द नाहीत म्हणून चावतं, घोरणारं, रात्री नीट न झोपणारं मूल दिवसभर चिडचिड करतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. ऐकू नीट येत होतं, बोलणं वयाप्रमाणं होतं, रक्त थोडं कमी होतं त्याचं औषध सुरू झालं. नजरेला नजर देत होता, खोटं खोटं खेळत होता, आपल्याला काय दिसतंय ते बोट करून दाखवत होता, त्यामुळं ऑटिझमची शंका घ्यावी असं काही दिसलं नाही. घरच्यांनी त्याआधी दृष्ट काढली होती, गळ्यात धागा बांधला होता. तो धागा राहू दे म्हटलं. आज्जीनं काळजीनं बांधलेला, तो काढायला लावून मला काय मिळणार होतं.

मग वही. काकाला दोनशे पानी वही आणायला सांगितली, पानावर तीन रकाने: आधी काय चाललं होतं, पोरानं काय केलं, शेवटी त्याला काय मिळालं. कारण, मत, "मुद्दाम केलं" वगैरे काही लिहायचं नाही, फक्त दिसलं ते आणि वेळ. काकानं हे काम इतकं मनापासून केलं की काय सांगू, तो घरी नसताना आई तोंडी सांगायची आणि हा रात्री लिहून काढायचा. दोन आठवड्यांची पानं घेऊन बसलो तेव्हा दोन गोष्टी पानावरनं उठून दिसत होत्या.

पहिली, सगळ्यात जास्त किंचाळणं दुपारी एक ते चार. म्हणजे बाप झोपलेला असताना. शाळा सुटून रिक्षा साडेबाराला दारात, जेवण होतं, मग ह्याला मोबाईल पाहिजे. आई नाही म्हणते. हा कुरकुर करतो. आई परत नाही म्हणते. हा आवाज चढवतो. तेवढ्यात आज्जी मागनं हातात मोबाईल देऊन जाते, नाहीतर आईच घाबरून देते, कारण आतला माणूस उठला तर पोरालाही मार आणि बाईलाही बोलणी. रकान्यात प्रत्येक वेळी शेवटी तेच, मोबाईल मिळाला, गप्प बसला.

हे चक्र अमेरिकेत ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी लोकांच्या घरात निरीक्षक बसवून, कोण काय बोललं आणि त्यावर समोरच्यानं काय केलं हे बारकाईनं नोंदवून मांडलं, १९८२ साली ते सगळं प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं साधं आहे पण घरात राहून ते दिसत नाही. किंचाळल्यावर वस्तू मिळाली की मूल किंचाळायला शिकतं, हे तर कुणीही सांगेल. पण त्याच क्षणी मोठं माणूस पण शिकत असतं, की दिलं की आवाज थांबतो. दोघांनाही बक्षीस मिळतं, एकाला मोबाईल, दुसऱ्याला शांतता, म्हणून दोघंही उद्या तेच करतात. आणि रोज न देता कधी दिलं, कधी नाही दिलं, तर सवय सुटत नाही, उलट जास्त पक्की होते, कारण आज नाही तर अजून जोरात ओरडल्यावर मिळेल ही आशा राहते. ह्या घरात तर दोन मोठी माणसं, एकमेकींशी न बोलणारी, एक नाही म्हणणार आणि दुसरी देणार, आणि वर शांततेची किंमत इतकी जास्त की पोराच्या एका किंकाळीसमोर चार मोठी माणसं हतबल. एवढी ताकद साडेचार वर्षांच्या मुलाच्या हातात असणं त्यालाही बरं वाटत नसतं. वहीत मोबाईल मिळाल्यावरही "तोंड पाडून बसला" असं काकानं अनेक वेळा लिहिलंय.

दुसरी गोष्ट, दुपार सोडून जे प्रसंग होते त्यातले बहुतेक स्वयंपाकघरात, दोघी एकत्र असताना. आई एकटी असली की कमी, आज्जी एकटी असली की कमी, दोघी आल्या की दहा मिनिटांत काहीतरी फुटणार. आणि शेवटच्या रकान्यात? "दोघी धावल्या." "आज्जी म्हणाली धर गे त्याला, आई म्हणाली पाणी द्या आत्ती." म्हणजे पोरानं ताटली फेकली की तेवढ्यापुरता अबोला सुटायचा. महिनोन् महिने घरातल्या दोन बायका फक्त ह्याच्या दंग्याच्या वेळी एकमेकींशी सरळ बोलत होत्या.

मुलानं हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही, साडेचार वर्षांचं मूल असले डाव आखत नाही. पण जे केल्यानं अंगावरचा ताण उतरतो ते शरीर परत करतं. पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज यांनी १९९४ मध्ये मांडलं की मोठ्यांच्या भांडणात मुलाला आपल्या घराचा आधार हलल्यासारखा वाटतो आणि ते आपापल्या परीनं तो आधार सावरायला बघतं, कुणी मधे पडतं, कुणी दंगा करतं, कुणी अगदी शहाण्यासारखं गप्प बसतं. कमिंग्ज यांच्या प्रयोगांत हेही दिसलं होतं की आवाज न करता दाखवलेला रागही मुलांना झोंबतो, आणि मोठी माणसं भांडून समेट करताना दिसली तर मुलांचा त्रास बराच उतरतो. त्यांचं काम बहुतेक आईबापाच्या भांडणावर आहे, पण आमच्या एकत्र घरात पोराच्या दिवसातले जास्त तास आई आणि आज्जी यांच्यात जातात, मग तिथला अबोला त्याला कमी लागेल असं मला वाटत नाही. लोक मला अभिमानानं सांगतात, आमच्यात भांडणं होत नाहीत, आम्ही बोलतच नाही. पोराच्या दृष्टीनं ते भांडणच आहे आणि न संपणारं आहे.

वहीत तिसरी एक गोष्ट होती, ती काकानं लिहिलीच नव्हती कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आज्जाबरोबर शेताकडं गेला की काही नाही. म्हणजे अगदी शून्य म्हणावं असं. आज्जा बोलतो कमी, एकदा सांगतो, "ह्या सरीत पाय घालायचा नाही" आणि पोरानं घातला तर उचलून बांधावर ठेवतो, ओरडत नाही, मारत नाही, थोड्या वेळानं परत बोलावतो. शिवाय काम देतो, रताळी गोळा कर, पाईप धर, कुत्र्याला हाकल. हाच मुलगा जर "तसाच" असता तर शेतात पण तसाच असता की. आईला हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ पानाकडं बघत बसली आणि म्हणाली "म्हणजे माझ्यातच खोट हाय म्हणा." तर तसं नाही, हे मी तिला त्या दिवशी आणि नंतरही सांगत राहिले. आज्जाला शेतात कुणाची झोप सांभाळायची नसते आणि मागनं कुणी त्याचा शब्द मोडत नाही. आईला तसं एक तास जरी मिळालं असतं तर तिलाही जमलं असतं.

पोराचा स्वभाव तापट आहे, तेही खरं. तान्हा असल्यापासून झोप कमी, भूक लागली की लगेच रडणं, नवीन माणूस चालत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात साधारण १० टक्के मुलं जन्मापासनंच अशी अवघड स्वभावाची दिसली. त्यातली सगळी पुढं बिघडली असं नाही, स्वभाव आणि घर यांचं किती जुळतं यावर बरंच ठरलं. शांत स्वभावाचं मूल ह्याच घरात असतं तर कदाचित नखं खात बसलं असतं आणि कुणी तक्रार घेऊन आलंच नसतं. तसल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते खरं तर, पण तो वेगळा विषय.

आणि चावणं-मारणं "कुठनं शिकला" हा प्रश्न घरच्यांचा फार होता, शाळेतनं, टीव्हीतनं, शेजारच्या पोरांकडनं. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांना लहानपणापासून बघून दाखवलं की हाताने मारणं, ढकलणं हे दोन-तीन वर्षांच्या आसपासच सगळ्यात जास्त असतं आणि पुढं बहुतेक मुलांचं ते कमी होत जातं. म्हणजे मारणं शिकायला लागत नाही, न मारणं शिकायला लागतं. ह्या पोराला ते शिकवायला कुणाला उसंतच मिळाली नव्हती, सगळ्यांची ताकद एकमेकांना टाळण्यात चालली होती.

उपाय सुरू केला तो पोरापासून नाही, बापाच्या अंथरुणापासून. बाप पहिल्यांदा आला तेव्हा हात बांधून बसला होता, झोपेला मुकून आलेला माणूस, म्हणाला "दोन ठेवून दिल्या की गप बसतंय, खरं दुसऱ्या दिवशी परत तेच." त्याच्या ह्या वाक्यातच उत्तर होतं. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे ५० वर्षांतले अभ्यास, एकूण १ लाख ६० हजारांवर मुलांचे, एकत्र करून बघितले, तर मार खाणाऱ्या मुलांचं वागणं सुधारलेलं नाही, आक्रमकपणा आणि इतर त्रास जास्तच दिसला. मी त्याला एवढंच विचारलं की दुसरीकडं झोपायची सोय होईल का. दोन घरं सोडून त्याच्या चुलत्याची एक खोली होती, राहायला कुणी नाही, नुसती पोती ठेवलेली. दोन भावांनी एका रविवारी ती रिकामी केली, पंखा बसवला आणि दुपारची झोप तिकडं गेली. कुणाला हे मानसशास्त्र वाटणार नाही. पण त्या दिवसापासून घरात किंकाळीची किंमत उतरली, आणि नाही म्हटलेलं नाहीच ठेवायची हिंमत आईला आली.

दोघींच्या बाबतीत मी समेट करायला गेले नाही. जमिनीचं दुखणं माझ्या टेबलावर मिटणार नव्हतं आणि "झालं गेलं विसरून जा" असं आज्जीला सांगणं म्हणजे तिच्यावर अन्यायच, तिला खरंच फसवल्यासारखं वाटत होतं आणि तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, ना नवऱ्यानं ना मुलांनी. तिला एकटीला भेटले, दोन तास ती फक्त बोलली. शेवटी एकच गोष्ट मागितली, पोराच्या हातनं निरोप नको. सुनेशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण जे सांगायचं ते थेट दोन शब्दांत सांगा, नाहीतर धाकट्याला सांगा. सुनेलाही तेच. पहिले काही दिवस घरात नुसती शांतता, भाजी करपली तरी कुणी सांगेना. मग "गॅस संपलाय", "मीठ घातलंय" अशी कोरडी वाक्यं सुरू झाली. कोरडी का असेनात, ती पोराच्या डोक्यावरनं जात होती, पोरातनं नाही.

आज्जी गुपचूप चॉकलेट द्यायची, आईनं रागावलं की हिनं पदराआड घ्यायचं. ते बंद करा म्हणून सांगणं सोपं होतं, पण त्या घरात तिच्यापाशी नातू सोडून कुणी प्रेमानं बसत नव्हतं, तो पण तुटेल ही तिला भीती. म्हणून तिला एक हक्काचं काम दिलं, संध्याकाळची अंघोळ आणि झोपतानाची गोष्ट, त्यात आईनं तोंड घालायचं नाही. आणि मोबाईल आईचा विषय, त्यात आज्जीनं हात घालायचा नाही. संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास, ओरडला म्हणून जास्त नाही आणि शहाण्यासारखा वागला म्हणूनही जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासाच्या आत ठेवा असं सांगितलंय, त्यामुळं अर्धा तास ठीक होता.

आईला रोज पाच मिनिटं खेळायला सांगितलं. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात आईबाप आणि लहान मुलांसाठी उपचाराची एक पद्धत बसवली त्यातला हा भाग. खेळ पोरानं ठरवायचा, आईनं शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, हे कर ते कर नाही, फक्त तो काय करतोय ते बोलत राहायचं, "तू क्रेट एकावर एक ठेवलास", आणि चांगलं दिसलं ते लगेच सांगायचं. आई म्हणाली "मला खेळायला येत नाही, आमच्यात कोण खेळलंय पोरांसंगं." पाच मिनिटं तिला सुरुवातीला फार लांब वाटली. पोरगं भाजीचे रिकामे क्रेट घेऊन टेंपो करायचं आणि एके दिवशी आईला म्हणालं, "टेंपो झोपलाय, आवाज करू नको, मारंल." ते ऐकून तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं. मला वाटतं माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा त्या वाक्यानं बापाचा हात थांबवला. त्यानं मग आपणहून सुरू केलं, झोपून उठला की टेंपो धुवायला पोराला बरोबर घ्यायचं, एक बादली त्याची, एक ह्याची.

घरच्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की मोबाईल द्यायचं बंद केल्यावर पहिल्यांदा दंगा वाढेल, कमी होणार नाही, कारण आजवर चालणारी गोष्ट चालेना झाली की माणूस आधी ती जास्त जोरात करून बघतो. तसंच झालं. पहिल्या आठवड्यात भिंतीला डोकं आपटणं, चपला फेकणं, एकदा तर ओकेपर्यंत रडला. डोक्याला लागू नये म्हणून आई उशी घेऊन शेजारी बसायची, बोलायची नाही, पण उठूनही जायची नाही. एकदा आज्जीला राहवलं नाही, तिनं दिला मोबाईल. काकानं वहीत लिहिलं आणि पुढचे तीन दिवस किंचाळणं परत वाढलेलं पण लिहिलं. ते पान आज्जीला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण त्यानंतर दिला नाही.

शाळेतलं थोडं वेगळं होतं. वर्गात टीचर कन्नड आणि इंग्रजीत बोलायच्या, पोराला घरी फक्त मराठी. पाणी पाहिजे, खेळणं दे, मला ढकलू नको, हे सांगता येत नसलं की साडेचार वर्षांचं मूल हात उचलतंच. पण सगळं भाषेवर टाकता येत नव्हतं कारण मराठी बोलणाऱ्या पोरांनाच तो जास्त मारत होता. काकानं त्याला रोजच्या गरजेचे कन्नड शब्द शिकवले, टीचरनी पण मन मोठं करून चार मराठी शब्द शिकून घेतले आणि ह्याला वह्या वाटायचं काम दिलं. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत, भाषा जास्त झाल्या म्हणून मूल बिघडत नाही, पण पहिले काही महिने त्याला शब्द पुरवायला लागतात.

अडीच-तीन महिन्यांनी वहीची पानं जवळजवळ कोरी जायला लागली. चावणं थांबलं. किंचाळणं आठवड्यातनं एखाद-दोन वेळा, ते पण भूक लागल्यावर किंवा झोप झाली नसेल तर. तापट आहे आणि तापट राहणार, कपडे मनासारखे नसले की अजून पण घर डोक्यावर घेतो.

मग गावची यात्रा आली. पै-पाहुणे, मटण, मांडव, आणि आईचा बाप, म्हणजे आज्जीचा भाऊ, बोलावल्यावरनं आला. जेवणाच्या पंगतीत जमिनीचा विषय निघाला, आवाज चढले, आज्जी ताटावरनं उठली. दुसऱ्या दिवशी पोरानं आज्जीच्या हाताला चावा घेतला, कितीतरी दिवसांनी. काकाचा मला फोन आला, पण घाबरलेला नव्हता, त्यानं सांगितलं "पोराचं काय नाय, काल पंगतीत झालं त्याचं हाय हे." आणि संध्याकाळी दोघी बायकांनी पोराला समोर बसवून सांगितलं की आम्ही मोठी माणसं भांडलो, तुझ्यामुळं नाही, आणि आम्ही आता स्वयंपाक मिळून करणार आहे. हे बोलायचं त्यांना मी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांत तो निवळला.

जमिनीचं काही मिटलेलं नाही. आज्जी भावाच्या दारात अजून जात नाही, सुनेला मात्र दिवाळीला माहेरी पाठवलं, जाताना डब्यात करंज्या भरून दिल्या आणि भावासाठी निरोप दिला तो सुनेजवळ दिला, पोराजवळ नाही.

ज्यांच्या घरात असं काही चालू असेल त्यांनी आधी मुलाचे कान, बोलणं, झोप आणि रक्त तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, २०१३ पासनं हा कार्यक्रम चालू आहे, तिथं दाखवता येतं, फी नाही. बोलायला शिकलेलं मूल बोलणं विसरायला लागलं, नजर देत नसेल, स्वतःला किंवा जनावराला मुद्दाम इजा करत असेल, किंवा घरात मारहाण चालू असेल तर वही वगैरे करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडं जा, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ ह्या टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या नंबरवर कधीही फोन करून आपल्या भाषेत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन. बाकीच्यांनी एक वही आणा, तीन रकाने आखा आणि दोन आठवडे फक्त दिसेल तेवढं लिहा, आणि लिहिणारा माणूस असा निवडा ज्याच्याशी घरातले सगळे बोलतात.